लाळग्रंथीची गाठ आणि स्लाइडवरचा तपकिरी रंग : मार्करचा इतिहास संशोधकाने का वाचावा?

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचं आहे. नांदेड-लातूरकडच्या डेंटल, मेडिकल किंवा लाइफ सायन्सच्या विद्यार्थ्यांशी बोलायला बसलं की एक विषय हमखास समोर येतो : 'लाळग्रंथींच्या सौम्य आणि घातक गाठींमधील अमुक प्रथिनाचे प्रमाण'. अमुकच्या जागी कधी पी-५३ असतं, कधी केआय-६७, कधी एस-१००. विषय चांगलाच आहे. ब्लॉक आपल्याच भागातल्या कॉलेजांत मिळतात, तपासणी जमण्यासारखी असते, मांडणीही सरळ वाटते.

पण शीर्षकातला एकेक शब्द नीट बघा. 'सौम्य' म्हणजे काय, 'घातक' म्हणजे काय, 'प्रमाण' मोजायचं कसं, ही उत्तरं दीडशे वर्षांत अनेकदा बदलली आहेत. हा इतिहास माहीत नसेल तर सगळं काम प्रामाणिकपणे करूनही निष्कर्ष चुकू शकतो. म्हणून प्रोटोकॉल शोधण्याआधी हा इतिहास एकदा बघू या.

आधी अडचण समजून घेऊ

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानाजवळची पॅरोटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर आणि जिभेखालची सबलिंग्वल. शिवाय ओठ, गाल, टाळू इथे शेकडो लहान ग्रंथी विखुरलेल्या असतात. बहुतेक गाठी पॅरोटिडमध्ये होतात आणि तिथल्या दहापैकी साधारण आठ सौम्य असतात. लहान ग्रंथींत चित्र पालटतं. तिथे निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गाठी घातक निघतात.

पॅरोटिडच्या आतून चेहरा हलवणारी फेशियल नर्व्ह जाते. गाठ सौम्य असेल तर सर्जन ही नस जपून गाठ काढतो. गाठ घातक असून नसेत शिरलेली असेल तर नसेचा भाग कापावा लागू शकतो. मग त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही, तोंड वाकडं होतं. मुखेड किंवा उदगीरहून आलेल्या माणसाचा चेहरा कसा राहणार, हे बऱ्याच अंशी पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर ठरतं. आपण ज्या मार्करचा अभ्यास करतो तो या निर्णयाच्या साखळीतली एक कडी आहे, हे आधी डोक्यात ठेवा.

आता पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून बघूनच का सांगू शकत नाही? बऱ्याचदा सांगतो. पण लाळग्रंथीत नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी असतात आणि त्यांना बाहेरून कवेत घेणाऱ्या मायोएपिथेलियल पेशीही असतात. या दोघींच्या वेगवेगळ्या मिश्रणातून पुष्कळ प्रकारच्या गाठी तयार होतात. त्यातल्या काही सौम्य आणि काही घातक गाठी एकमेकींसारख्या दिसतात, विशेषतः छोट्या बायोप्सीत.

आकारावरून ओळखण्याचा काळ

सुरुवातीला पेशींचा आकार आणि मांडणी एवढंच साधन होतं. व्हिएन्नाचे प्रसिद्ध सर्जन म्हणून पुढे नाव झालेले थिओडोर बिलरोथ यांनी १८५० च्या दशकात दंडगोलासारखी रचना दिसणाऱ्या गाठीला 'सिलिंड्रोमा' म्हटलं. तिलाच आज आपण ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा म्हणतो. १८७४ मध्ये मिन्सेन यांनी 'मिक्स्ड ट्यूमर' ही संज्ञा वापरली, कारण त्या गाठीत ग्रंथीसारखा भाग होता आणि कूर्चेसारखाही. १९४८ मध्ये विलिस यांनी त्याच गाठीसाठी 'प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा' हे नाव सुचवलं. लाळग्रंथीची सर्वांत जास्त आढळणारी गाठ हीच.

१९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलचे फूट आणि फ्रेझेल यांनी मोठ्या लाळग्रंथींच्या ८७७ गाठींचा अभ्यास छापला. त्यांच्याकडे कुठलाही प्रथिन-मार्कर नव्हता. होते ते जपून ठेवलेले ब्लॉक, स्लाइड आणि रुग्णांचा पुढच्या वर्षांचा पाठपुरावा. कोणती गाठ परत आली, कोणती फुफ्फुसात गेली, हे आधी रुग्णाकडून कळलं आणि मग स्लाइडशी जोडलं गेलं. 'घातक' हा शब्द मुळात रुग्णाच्या पुढच्या आयुष्यावरून ठरला. मार्करची परीक्षा आजही त्याच कसोटीवर व्हायला हवी.

मुंबईतली सुरुवात

आपल्याकडची कहाणी मुंबईत सुरू होते. सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. यातला 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. निवडक, सोयीचे रुग्ण न घेता जे आले ते सगळे घेतले. आपल्या सिनॉप्सिसमध्ये नमुने कसे निवडणार, या रकान्यासमोर अडकलात की हे आठवा.

१९५२ मध्ये खानोलकरांच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. पुढे ते कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालं आणि १९६६ मध्ये हॉस्पिटलसोबत टाटा मेमोरियल सेंटरच्या छत्राखाली आलं. आज खारघरला जे ॲक्ट्रेक आहे ते याच परंपरेतलं.

एमबीबीएस किंवा बीडीएस न केलेल्या, म्हणजे बीएस्सी-एमएस्सीच्या वाटेने आलेल्या वाचकांसाठी आणखी एक नाव. पुण्याच्या कमल रणदिवे. एमएस्सीसाठी त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला होता. नंतर खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएचडी घेतली, अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन शिकल्या आणि मुंबईत परत येऊन त्याची प्रयोगशाळा उभी केली. 'मी डॉक्टर नाही, मला कॅन्सरवर काम करता येईल का?' या प्रश्नाचं उत्तर मराठी मुलुखात सत्तर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

टाटाच्याच पोतदार आणि पेमास्टर यांचा लहान लाळग्रंथींच्या गाठींवरचा लेख १९६९ चा. तोपर्यंतही सगळी भिस्त आकारावरच होती. प्रथिन दाखवणारी पद्धत जगात निघाली होती, पण रोजच्या पॅराफिन ब्लॉकपर्यंत ती पोचली नव्हती.

प्रथिन डोळ्यांना कसं दिसू लागलं?

१९३९ च्या उन्हाळ्यात हार्वर्डचे तरुण डॉक्टर आल्बर्ट कून्स बर्लिनला गेले होते. तिथे त्यांच्या मनात एक कल्पना आली : प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, आपल्या ठरावीक प्रथिनालाच चिकटते. मग तिलाच चमकणारा रंग बांधला तर ते प्रथिन पेशीत नेमकं कुठे आहे ते दिसेल. १९४१ मध्ये त्यांनी न्यूमोकॉकस जिवाणूच्या बाबतीत हे करून दाखवलं. टाटा हॉस्पिटल सुरू झालं त्याच वर्षी ही पद्धत जन्मली.

पण चमक बघायला खास सूक्ष्मदर्शक लागायचा आणि ती लवकर विझायची. १९६६ च्या सुमारास पॉल नाकाने आणि बॅरी पिअर्स यांनी चमकत्या रंगाऐवजी पेरॉक्सिडेज हे विकर अँटिबॉडीला जोडलं. या विकरासोबत डीएबी नावाचं रसायन वापरलं की जागच्या जागी तपकिरी रंग तयार होतो. साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतो आणि टिकतो. आपण इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे आयएचसी, करतो तेव्हा 'पॉझिटिव्ह' म्हणून जे मोजतो ते हेच तपकिरीपण.

१९७४ मध्ये टेलर आणि बर्न्स यांनी दाखवलं की फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या, पॅराफिनमध्ये बसवलेल्या नेहमीच्या ऊतीवरही हे जमतं. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, केंब्रिजच्या कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची हायब्रिडोमा पद्धत मांडली. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. १९८४ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी ससा किंवा बकरी बदलली की अँटिबॉडीचा गुण बदलायचा. आता जगात कुठेही तीच अँटिबॉडी वापरता येऊ लागली आणि एका शहरातला निकाल दुसऱ्या शहरातल्या निकालाशी ताडून बघता येऊ लागला.

नावांमागे काय आहे?

व्हायव्हात 'हा मार्कर का निवडला?' असं विचारलं जातंच. तीन उदाहरणं बघू.

एस-१०० हे प्रथिन मूर यांनी १९६५ मध्ये गाईबैलांच्या मेंदूतून वेगळं केलं. १०० टक्के संपृक्त अमोनियम सल्फेटच्या द्रावणातही ते विरघळलेलं राहतं, म्हणून हे नाव. त्यात कॅन्सरचा काही संबंध नाही. लाळग्रंथीच्या गाठीत ते मायोएपिथेलियल पेशींत दिसतं आणि नसेच्या आवरणातही दिसतं. म्हणजे ते पेशीची 'जात' सांगतं, तिचा स्वभाव सांगत नाही. सौम्य प्लिओमॉर्फिक ॲडिनोमात ते भरपूर सापडतं आणि काही घातक गाठींतही सापडतं.

पी-५३ चा शोध १९७९ चा. जेलवर त्याचं वजन ५३ किलोडाल्टन दिसलं म्हणून ५३. पुढे कळलं की खरं वजन ४४ च्या आसपास आहे. पण त्याहून मोठी चूक अशी की जवळपास दहा वर्षं ते कर्करोग वाढवणारं प्रथिन मानलं गेलं. १९८९ मध्ये स्पष्ट झालं की ते मुळात कर्करोग रोखणारं आहे, आणि आधीच्या प्रयोगांत वापरलेली रूपं बिघडलेली होती. निरोगी पी-५३ पेशीत लवकर मोडलं जातं, म्हणून फारसं दिसत नाही. बिघडलेलं साचतं आणि तपकिरी दिसतं. पण बिघाड असा असेल की प्रथिन बनतच नाही, तर स्लाइड कोरी दिसेल. कोरी स्लाइड म्हणजे 'सगळं ठीक' असं लिहिणारा प्रबंध इथेच घसरतो.

केआय-६७ मधलं 'केआय' म्हणजे जर्मनीतलं कील शहर आणि ६७ हा प्रयोगाच्या प्लेटमधल्या खळग्याचा नंबर. १९८३ मध्ये गेर्डेस आणि सहकारी हॉजकिन रोगाच्या पेशी ओळखणारी अँटिबॉडी शोधत होते. हाती लागली ती विभाजनाच्या चक्रात असलेली कुठलीही पेशी ओळखणारी. ती गाठीचा वेग सांगते. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा मात्र संथ वाढतो, नसांच्या कडेने सरकत जातो आणि कित्येक वर्षांनी फुफ्फुसात उगवतो. वेग कमी, पण घातक. त्यामुळे 'केआय-६७ कमी म्हणजे सौम्य' हे गणित इथे चालत नाही.

पेशी कोणत्या जातीची, ती किती वेगाने वाढते आणि तिच्यात काय बिघडलं आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. लाळग्रंथीच्या सगळ्या गाठींत सौम्य आणि घातक यांची सरळ फाळणी करणारं एकही प्रथिन आजवर सापडलेलं नाही. ते सापडवण्याचा दावा सिनॉप्सिसमध्ये करू नका.

१९९१ : एकाच वर्षी दोन उलथापालथी

फॉर्मॅलिन ऊतीतल्या प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं. त्यामुळे ऊती टिकते, पण अँटिबॉडीला चिकटण्याची जागा झाकली जाते. केआय-६७ ची मूळ अँटिबॉडी म्हणूनच फक्त गोठवलेल्या ऊतीवर चालायची. शान-रोंग शी यांनी ग्रंथालयात १९४० च्या दशकातलं जुनं रसायनशास्त्र शोधून काढलं. जास्त उष्णतेने हे बंध काही प्रमाणात सुटतात, असं त्यात होतं. १९९१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्लाइड मायक्रोवेव्हमध्ये तापवून झाकलेली प्रथिनं पुन्हा दाखवली. यालाच आपण अँटिजेन रिट्रीव्हल म्हणतो. पुढच्या वर्षी एमआयबी-१ ही पॅराफिनवर चालणारी केआय-६७ ची अँटिबॉडी आली. कपाटात पडलेले वर्षानुवर्षांचे ब्लॉक एका फटक्यात संशोधनाचं साहित्य झाले.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या लाळग्रंथी-गाठींच्या वर्गीकरणाची दुसरी आवृत्ती आली. १९७२ च्या पहिल्या आवृत्तीत 'म्युकोएपिडर्मॉइड ट्यूमर' आणि 'ॲसिनिक सेल ट्यूमर' अशी नावं होती. १९९१ मध्ये दोन्हींना 'कार्सिनोमा' म्हटलं गेलं. गाठ तीच, स्लाइड तीच, गट बदलला.

बदल तिथे थांबले नाहीत. २०१० मध्ये स्कालोव्हा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ॲसिनिक समजल्या जाणाऱ्या काही गाठी वेगळ्याच आहेत, त्यांच्यात ईटीव्ही-६ आणि एनटीआरके-३ ही जनुकं जोडली गेलेली असतात. आज त्यांना सिक्रेटरी कार्सिनोमा म्हणतात. त्याआधी म्युकोएपिडर्मॉइडमध्ये २००३ मध्ये आणि ॲडिनॉइड सिस्टिकमध्ये २००९ मध्ये अशाच जनुक-जोडण्या सापडल्या होत्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये एनटीआरके-जोडणी असलेल्या गाठींसाठी लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे ॲसिनिक की सिक्रेटरी, हा वाद आता नुसता नावाचा राहिलेला नाही. नाव चुकलं तर प्रगत अवस्थेतल्या रुग्णाला उपयोगी औषध असूनही त्याचा विचारच होणार नाही.

मग नांदेड-लातूरमध्ये बसून काय करायचं?

आपल्या भागाचं कॅलेंडर या इतिहासाशेजारी ठेवा. औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चं. अंबाजोगाईचं १९७० च्या दशकातलं. नांदेडचं १९८८ चं, म्हणजे अँटिजेन रिट्रीव्हलच्या तीन वर्षं आधीचं. आपलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ चं. शिवाय दोन्ही शहरांत डेंटल कॉलेजं आहेत. पॅथॉलॉजी विभागाचं रजिस्टर आणि ब्लॉकचं कपाट हे मराठवाड्याचं स्वतःचं दप्तर आहे.

हे दप्तर दुसरीकडे मिळत नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली. ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली आणि तिच्यात आपल्या मराठवाड्यातले परंडा, भूम हे तालुकेही आहेत. पण अशा नोंदणीत मोजले जातात ते कर्करोग. सौम्य गाठ तिथे येत नाही. तुमच्या तुलनेचा अर्धा भाग, म्हणजे सगळे प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, फक्त कॉलेजच्या रजिस्टरमध्येच सापडतील.

आता कामाच्या गोष्टी.

पहिली : रजिस्टरमधलं जुनं निदान जसंच्या तसं घेऊ नका. प्रत्येक केसची साधी एच अँड ई स्लाइड आजच्या वर्गीकरणाप्रमाणे पुन्हा बघून घ्या, शक्यतो दोन पॅथॉलॉजिस्टकडून, एकमेकांचं मत न सांगता. २००८ सालचं 'ॲसिनिक' आज ॲसिनिक असेलच असं नाही.

दुसरी : ऊती फॉर्मॅलिनमध्ये किती वेळ होती, फॉर्मॅलिन बफर केलेलं होतं का, याची नोंद शोधा. तालुक्याहून एसटीने दोन-तीन दिवसांनी आलेला नमुना आणि त्याच दिवशी ऑपरेशन थिएटरमधून आलेला नमुना सारखे रंगणार नाहीत. मग तुम्ही मोजाल ते प्रथिन नसेल, प्रवासाचा वेळ असेल. प्रत्येक फेरीत पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल हवाच.

तिसरी : सगळ्या घातक गाठी एका टोपलीत टाकू नका. समजा तुमच्याकडे १० कर्करोग आहेत. त्यातल्या ९ चा केआय-६७ प्रत्येकी ६ टक्के आहे आणि एका सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमाचा ६० टक्के. सरासरी येते ११.४ टक्के. सौम्य गटाची सरासरी ३ टक्के असली की प्रबंधात 'जवळपास चौपट' असं वाक्य तयार. पण मध्यक, म्हणजे मीडियन, फक्त ६ आहे. तो मोठा फरक एकाच रुग्णाने घडवला. प्रकारानुसार आकडे वेगळे द्या, एकेक केस ठिपक्याने दाखवा, आणि नमुने कमी असतील तर कमी आहेत असं लिहा.

चौथी : शक्य तिथे प्रश्न अरुंद करा. 'सौम्य विरुद्ध घातक' यापेक्षा 'टाळूच्या छोट्या बायोप्सीत ॲडिनॉइड सिस्टिक आणि पॉलिमॉर्फस ॲडिनोकार्सिनोमा वेगळे करायला पी-६३ आणि पी-४० ही जोडी आपल्या ब्लॉकवर उपयोगी पडते का?' हा प्रश्न छोटा आहे, पण उत्तर आलं तर उद्या सकाळी विभागात वापरता येईल. पॉलिमॉर्फसमध्ये साधारणपणे पी-६३ रंगतं आणि पी-४० रंगत नाही, ॲडिनॉइड सिस्टिकमध्ये दोन्ही रंगतात, हे बाहेर दिसलेलं आहे. आपल्या नमुन्यांवर, आपल्या फॉर्मॅलिनवर ते टिकतं का, हे आपल्यालाच बघावं लागेल.

आणि पाचवी : एथिक्स कमिटीची परवानगी ब्लॉक बाहेर काढण्याआधी घ्या, आणि ब्लॉक संपेपर्यंत कापू नका. एका थीसिससाठी लागतात तीन-चार मायक्रॉन जाडीचे काही काप. उरलेली ऊती पुढच्या विद्यार्थ्याची आहे आणि त्याही आधी त्या रुग्णाची आहे. पाच वर्षांनी गाठ परत आली, नवीन औषधासाठी नवी तपासणी करायची वेळ आली, तर तोच ब्लॉक लागणार आहे. काम झाल्यावर तो परत जागेवर गेला की नाही हे स्वतः कपाट उघडून बघा आणि रजिस्टरमध्ये सही करा.